आरडी ३५०: एक प्लग काळा, एक पांढरा

सोलापुरात जुनी आरडी ३५० (दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक राजदूत मोटरसायकल) घेतली. आयडल (उभ्या गाडीची मंद चाल) टिकेना, अर्ध्या थ्रॉटलला गाडी गुदमरायची. डावा स्पार्क प्लग काळा-ओला, म्हणजे पेट्रोल जास्त; उजवा पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी. नवे प्लग, कॉइल, पेट्रोल कॉक, सगळं व्यर्थ. जीव मेटाकुटीला आला.

दोन्ही कार्ब्युरेटर शेजारी ठेवून उघडले, तेव्हा मेन जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य छिद्राचे) नंबरच वेगळे निघाले, जेटमधल्या सुईची उंची ठरवणारी क्लिपही वेगळ्या खाचेत. उजवा सायलेन्सर आतली जाळी काढून पोकळ केलेला.

आधी दोन्ही सायलेन्सर मूळ जाळीसकट बसवा. त्याआधी जेटला हात लावू नका. मग जेट, सुई, क्लिप, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची दोन्हीकडे सारखी करा. एअर स्क्रू (आयडलची हवा ठरवणारे) हलके टेकवून दीड फेरा उघडा. दोन्ही स्लाइड (थ्रॉटल दिल्यावर कार्ब्युरेटरमध्ये वर सरकणारे भाग) एकाच क्षणी उचलल्या जातील अशा केबल जुळवा, नंतरच इंजिनला ऑइल देणाऱ्या पंपाची खूण जुळवा. पांढऱ्या प्लगवर गाडी ताणू नका, पिस्टन जाम होतो.

होटगी रोडवर पळवून पाहिली: दोन्ही प्लग तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर.