शेतीपंपाच्या मोटारीचं अर्थिंग करताना या चुका टाळा

पावसाची झड लागली की निपाणी-चिकोडी भागातून मला एकच निरोप येतो, "स्टार्टरच्या पेटीला हात लावला की करंट मारतोय." जाऊन बघावं तर अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवायची जोडणी, केलेलं असतं. पाइप पुरलेला, वायर बांधलेली. तरी झटका बसतो.

बऱ्याच ठिकाणी कारण पाइपलाइनमध्ये सापडतं. पूर्वी नदीपासून मळ्यापर्यंत लोखंडी पाइप असायचे. दूधगंगा-वेदगंगेकाठच्या कितीतरी मोटारींना तेच अर्थिंग होतं, मुद्दाम कुणी केलेलं नसलं तरी. पुढं पीव्हीसी आली, बोअरचं केसिंगही प्लास्टिकचं झालं, पण वायर मात्र तिथंच बांधलेली राहिली. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. ज्या दिवशी पाइप बदलला, त्या दिवशी अर्थिंगही गेलं असं धरून चाला.

दुसरी चूक शिकलेले वायरमनही करतात. फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायचा आणि पेटला की "अर्थिंग चांगलंय" म्हणून निघायचं. बल्बला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. अर्थिंगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५० ओहम असला तरी तो जवळपास पूर्ण उजेड देतो. त्याच अर्थिंगवर मोटारीची फेज बॉडीला चिकटली, तर २३० भागिले ५०, म्हणजे जेमतेम साडेचार अँपियर वाहतील. १६ अँपियरची एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप बंद होणारा स्विच) तेवढ्यानं पडत नाही आणि पेटीवर जवळपास पूर्ण विजेचा दाब तसाच उभा राहतो. म्हणून रोध अर्थ टेस्टरनंच मोजून घ्या, आणि तोही उन्हाळ्यात.

उन्हाळ्यात अशासाठी की आपल्याकडची काळी माती तेव्हा भेगाळते आणि पाइपापासून सुटते. बेळगावच्या खानापूरकडच्या जांभ्यात, मुरमात तर ओलच टिकत नाही. तिथं तीन फुटी अँगल ठोकून काही होत नाही. ४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप निदान अडीच मीटर खोल हवा. एकानं भागत नसेल तर तेवढंच अंतर सोडून दुसरा पुरा आणि दोन्ही जोडा. मीठ-कोळशानं रोध उतरतो, पण मीठ पाइप खातं. बेंटोनाइट माती ओल धरते, मला ती जास्त पटते. तांब्याची वायर जीआय पाइपाला नुसती पिळून बांधू नका. दोन धातूंच्या सांध्यात पाणी गेलं की जस्त आणि लोखंड झिजत जातं.

घरातल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल (विजेची परतीची तार) आणि अर्थ एकत्र बांधणं तर जिवावरचा खेळ आहे. वाटेत न्यूट्रल तुटली की फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या बॉडीत वीज येते.

अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी घराला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळती वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. माणसाच्या अंगातून जाणारी वीज एमसीबीला कळत नाही, हिला कळते. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर त्याच दिवशी बदला.