एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन प्रोग्रामचे आवाज एकदम हवे असतील तर

लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये झूमवर तास चालू असतो, सर मध्येच व्हिडिओ लावतात आणि त्याचा आवाज कानाला लागेल न लागेल इतका खाली जातो. अंबाजोगाईत रियाजाला बसलेलं कोणी कॉम्प्युटरवर तानपुरा चालू ठेवून बंदिशीचं रेकॉर्डिंग लावतं, तर तानपुराच गप्प होतो. अशा वेळी साउंड कार्ड बदलायची घाई करू नका. बहुतेक वेळा त्यात काहीच बिघडलेलं नसतं.

2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रामचा आवाज आधी विंडोजच्या मिक्सरकडे जातो. मिक्सर सगळ्यांची बेरीज करून एकच आवाज कार्डाकडे धाडतो. तरीही एकच प्रोग्राम ऐकू येत असेल, तर कोणीतरी मिक्सरला वगळून कार्ड अडवलेलं असतं, किंवा विंडोजनेच बाकीचे आवाज उतरवलेले असतात, किंवा आवाज भलत्याच ठिकाणी निघालेला असतो.

कार्ड अडवल्याचं आधी बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. साउंडची जुनी खिडकी उघडेल. ‘प्लेबॅक’मध्ये आपला स्पीकर निवडून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जा. तिथे ‘एक्सक्लुझिव्ह मोड’खाली दोन खुणा असतात. दोन्ही काढा. गाणी ऐकायचे काही प्लेअर आणि रेकॉर्डिंगचे प्रोग्राम ही मुभा वापरून कार्ड स्वतःकडे घेतात, मग दुसऱ्याला जागाच उरत नाही. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम ‘असिओ’ ड्रायव्हरवर (प्रोग्रामला थेट कार्डाशी जोडणारी सोय) चालत असेल तर मात्र या खुणा काढून भागेलच असं नाही, कारण तो रस्ता मिक्सरच्या बाहेरून जातो. त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्येच ‘डायरेक्टसाउंड’ किंवा साधं, म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह’ नसलेलं, ‘वासापी’ निवडा. हे दोन्ही रस्ते मिक्सरमधून जातात.

झूमवाल्या सरांची अडचण याच खिडकीत सुटते. ‘कम्युनिकेशन्स’ नावाच्या टॅबवर गेलात की दिसेल: कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्के कमी करायचे, हे विंडोजने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ‘डू नथिंग’ निवडा. विद्यार्थ्यांनाही व्हिडिओ ऐकू जायला हवा असेल, तर स्क्रीन शेअर करताना झूममधल्या ‘शेअर साउंड’वर खूण करावी लागते. ही खूण राहून गेली की सरांना ऐकू येतं आणि विद्यार्थ्यांना येत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक कॉलसाठी वापरला की हेडफोन ‘हँड्स-फ्री’ या कॉलच्या पद्धतीवर जातो आणि गाण्याचा आवाज एकतर घोगरा होतो किंवा बंदच पडतो. कॉलमध्ये माइक म्हणून वेबकॅमचा किंवा वायरचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

आता आवाजांचा तोल. विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘साउंड’ या वाटेने ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची पट्टी वेगळी दिसेल. दोन्ही आवाज 100 वर ठेवू नका. दोन मोठ्या आवाजांची बेरीज कार्डाच्या मर्यादेबाहेर गेली की आवाज फाटतो, नाहीतर दबून वरखाली व्हायला लागतो. तानपुरा 30 च्या आसपास आणि गायन 70 ते 80, इथून सुरुवात करून कानाने जुळवा. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबना बहुतेक वेळा एकच पट्टी मिळते, म्हणून तानपुरा क्रोममध्ये आणि बंदिश एजमध्ये लावा. उपाय साधा आहे, पण रियाजाला फार उपयोगी पडतो.

दोन आवाज दोन ठिकाणी पाठवायचे असतील तर त्याच मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी ‘आउटपुट डिव्हाइस’ निवडता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत कॉम्प्युटरला मागून ॲम्प्लिफायर जोडलेला असेल आणि गुरुजींना पुढच्या जॅकवर हेडफोनने वेगळं ऐकायचं असेल, तर बऱ्याच रिअलटेक कार्डांच्या कंट्रोल पॅनलमध्ये पुढचा आणि मागचा जॅक स्वतंत्र करायचा पर्याय असतो. तो सुरू केला की यादीत ‘सेकंड आउटपुट’ नावाचं आणखी एक डिव्हाइस येतं. हा पर्याय नसेल तर एक यूएसबी साउंड कार्ड घ्या.

लाइट गेली की यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहतो, पण एचडीएमआयने जोडलेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर बंद पडतो, आणि विंडोज आवाज दुसरीकडे वळवतं. लाइट आल्यावर एक प्रोग्राम टीव्हीवर वाजतो, दुसरा स्पीकरवर. टीव्हीतून आवाज नकोच असेल तर ‘प्लेबॅक’च्या यादीत त्यावर राइट-क्लिक करून ‘डिसेबल’ करा. हवा असेल तर मिक्सरमध्ये पुन्हा निवडा आणि अडलेला प्रोग्राम बंद करून उघडा.

लिनक्सवर पूर्वी हा त्रास जास्त होता, कारण जुन्या ओएसएस पद्धतीत बहुतेक कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्राम वाजायचा. नंतर सगळे आवाज एकत्र करणारं पल्सऑडिओ आलं, आणि त्याच कामासाठी उबुंटूत 22.10 पासून पाइपवायर आहे. अजूनही कुठे अडलंच तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘अल्सा’मधून (लिनक्सची कार्डाशी बोलणारी पद्धत) थेट कार्ड निवडलंय का ते बघा आणि त्याजागी ‘पल्सऑडिओ’ ठेवा.

एवढं करूनही विंडोजमध्ये सगळेच आवाज बंद असतील तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज ऑडिओ’वर राइट-क्लिक करा आणि ‘रीस्टार्ट’ द्या. त्याआधी रेकॉर्डिंग सेव्ह करून ठेवा, कारण चालू प्रोग्रामचा आवाज तिथेच तुटतो आणि ते पुन्हा उघडावे लागतात.