मोफत वकिलासाठी अर्ज करण्यापूर्वीची तयारी

दिवाणी दाव्याचे समन्स आले आणि वकिलाची फी परवडणारी नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याआधी समन्स प्रत्यक्ष हाती पडल्याची तारीख लिहून ठेवावी. समन्सवर छापलेली हजर राहण्याची तारीख ती नव्हे. बेलिफाने सही घेतली तो दिवस, किंवा टपालाने आले असल्यास पाकीट मिळाले तो दिवस धरावा आणि ते पाकीटही जपून ठेवावे. मागच्या वेळी एका नातेवाइकाचे सगळे कागद मी नीट लावले, पण नेमकी हीच तारीख राहिली आणि कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत उलटल्यावर ते ध्यानात आले.

दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. मोफत वकिलासाठी अर्ज दिला म्हणून हे दिवस थांबत नाहीत. अर्ज कार्यालयात पडून असला तरी थांबत नाहीत. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत समन्स मिळाल्याची तारीख आणि पुढची नेमलेली तारीख लिहावी, आणि वकील मिळण्याआधी ती उजाडली तर स्वतः हजर राहून मुदतीचा लेखी अर्ज द्यावा. घरी बसू नये.

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतोच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र तहसीलमध्ये खेटे घालत दिवस घालवू नयेत, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 13 नुसार उत्पन्नाबद्दलचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. शिवाय कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. हे ठाऊक नसल्याने कित्येक स्त्रिया दाखल्यासाठी ताटकळत राहतात आणि तिकडे मुदत सरत जाते, याचे फार वाईट वाटते.

दावा अर्जाची सर्व पाने आणि सोबतची दस्तऐवजांची यादी न्यावी. सातबारा, खरेदीखत, भाडेकरार, पावत्या यांपैकी जे लागू असेल त्याच्या झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत. एका पानावर घटनाक्रम लिहावा आणि समन्स मिळाल्याची तारीख तिथेही ठळक लिहावी. नेमलेल्या वकिलांना भेटताच कागद पुढे करण्याआधी तीच तारीख सांगावी.

पुढचे थोडक्यात. वकालतनामा, म्हणजे वकिलांना आपल्या वतीने काम पाहण्याचा अधिकार देणारा कागद, वाचून सही करावी. नेमलेल्या वकिलांनी फी मागितल्यास प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. लोकअदालतीत तडजोड सुचवली तर अटी पूर्ण समजल्याशिवाय सही करू नये, कारण त्या निवाड्यावर अपील नसते. कार्यालय सापडत नसेल, तर 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइन क्रमांकावर विचारावे.