पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बाहेर जेवायला जाताय? या चुका टाळा

घरी सगळं नीट चाललेलं असतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाणं, पाणी वेगळ्या वेळेला, गोड बेताचं. मग एखादा वाढदिवस किंवा ऑफिसचं जेवण येतं आणि त्या एका रात्रीनंतर दोन दिवस पोट ताळ्यावर येत नाही. दोष ठरलेला असतो: ‘मासा बाधला’, ‘तेल फार होतं’. कधीकधी ते खरंही असतं. पण जठर, अन्ननलिका, स्वादुपिंड किंवा आतड्याचा मोठा भाग काढलेल्या माणसाचं बाहेरच्या जेवणात बिघडतं ते बहुधा वेळेचं गणित. आठचं जेवण साडेनऊला पुढ्यात येतं. तोवर सरबत आणि दोन ग्लास पाणी पोटात गेलेलं असतं. मग भुकेपोटी भराभर घास, गप्पांच्या नादात अर्धवट चावणं आणि वर गोड. यातली एकही गोष्ट घरी तुम्ही करत नाही.

खालच्या सगळ्याच चुका सगळ्यांना लागू नाहीत. आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या माणसाची अडचण वेगळी, जठर काढलेल्याची वेगळी. आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं, काय काढलं आणि काय कशाला जोडलं, हे सर्जनकडून एकदा साध्या भाषेत समजून घ्या. पहिले सहा ते आठ आठवडे तर त्यांनी दिलेला आहारच चालवायचा, समारंभ कोणाचाही असो.

दिवसभर पोट रिकामं ठेवून जाणं

‘रात्री जेवायचंय, म्हणून दुपारचं टाळलं’ हे निरोगी पोटाचं शहाणपण आहे. जठर लहान झालं किंवा गेलंच, तर अन्न साठवायची जागाच उरत नाही. वाचवून ठेवलेली भूक मावणार कुठे? होतं इतकंच की माणूस भुकेजून बसतो आणि पहिल्या पाच मिनिटांत वीस मिनिटांचं जेवण उरकतो. इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर मळासाठी बॅग लावणं) असलेले काही जण बॅग भरू नये म्हणून उपाशी राहतात. पण रिकाम्या आतड्यात वायू वाढतो, बॅग हवेने फुगते आणि आतडं आवाज करतं ते वेगळंच.

निघण्याआधी तासभर काहीतरी प्रथिनाचं खा. एक उकडलेलं अंडं किंवा चीज लावलेला एक टोस्ट पुरतो. टेबलावर अर्ध्या भुकेने बसणं हे निम्मं काम आहे.

जेवताना पाणी पीत राहणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि सगळ्यात नकळत होणारीही. जठराच्या खालच्या टोकाची झडप अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडते. ती काढली, ओलांडली किंवा तिच्या नसा कापल्या, तर अन्न घाईने खाली उतरतं, आणि वरून पाणी प्यायलं की ते अक्षरशः धुऊन नेल्यासारखं जातं. साखरेचं दाट मिश्रण लहान आतड्यात एकदम उतरलं की आतडं रक्तातलं पाणी आत ओढून घेतं. मग पोटात मुरडा, धडधड, घाम, चेहरा लाल, गरगरणं आणि जुलाब. याला डम्पिंग म्हणतात.

घरचा नियम तोच ठेवा: जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर निदान अर्धा तास पातळ काही नाही. बाहेर तो मोडतो कसा, ते बघा. ग्लास समोर असतो, वेटर तो न विचारता भरतो आणि बोलता बोलता हात जातो. म्हणून बसल्या बसल्या ग्लास उचलून ताटापासून लांब, दुसऱ्याच्या बाजूला ठेवा. गोळीपुरता घोट चालतो. सूप हेही पातळच. सूप घ्यायचं तर तेच तुमचं खाणं, त्यामागून लगेच जेवण नाही. फसफसणारी पेयं आणि स्ट्रॉ या दोन्हींनी हवा आत जाते. बॅग असलेल्यांना ते तासा-दोन तासांत कळतंच.

मद्याबद्दल थोडक्यात: जठर काढल्यावर किंवा जठराच्या बायपासनंतर ते रक्तात फार लवकर चढतं आणि पूर्वीपेक्षा वरची पातळी गाठतं. ‘माझं माप मला माहीत आहे’ हे वाक्य ऑपरेशनच्या आधीचं. शिवाय मद्याने नंतरची साखरही खाली जाते. डॉक्टरांनी मुभा दिली असेल तरीही त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची.

इतरांच्या वेगाने जेवणं

घास अंगठ्याच्या नखाएवढा. तोंडात त्याची पेज होईपर्यंत चावणं, साधारण वीस-पंचवीस वेळा. घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा. हातात चमचा असला की पुढचा घास तयार होतोच. वीस ते तीस मिनिटांत जेवण थांबवा, ताटात उरलं तरी. बाकीचे तासभर खात असतात म्हणून तुम्हीही चाळवाचाळव करत बसलात, तर ‘काहीच नाही खाल्लं’ असं वाटता वाटता दुप्पट जातं. थांबलात की ताट उचलायला सांगा.

अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर जोडाच्या जागी वाट अरुंद असू शकते. ताजा मऊ ब्रेड (लाळेत भिजून त्याचा गोळा होतो), कोरडं चिकन आणि चिवट मांस हे अडकणारे मुख्य पदार्थ. घास अडकला तर वरून पाणी ओतू नका. ते खाली जात नाही, उलटून येतं. खाणं थांबवा, उभे राहा, शांतपणे चार पावलं चाला. गिळलेली थुंकीसुद्धा परत येऊ लागली तर थेट इस्पितळ गाठा. असं वारंवार होत असेल तर ‘मी नीट चावत नाही’ म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका. जोड आवळला असेल, तर तो दुर्बिणीतून रुंद करता येतो. सर्जनना सांगा.

मेनूतल्या नावावर विश्वास ठेवणं

‘ग्रिल्ड’ म्हटलं की हलकं वाटतं, पण वरचा चकचकीत लेप साखरेचा असतो. सॅलड पौष्टिक खरं, पण कच्चा पाला, साली आणि बिया नव्या जोडाला जड. क्रीम घातलेल्या सॉसमध्ये दूध आणि चरबी दोन्ही. ऑपरेशननंतर काही महिने दूध न पचणं नेहमीचं आहे. ‘शुगर-फ्री’ मिठाई आणि आइस्क्रीमवर तर डोळे झाकून विश्वास ठेवला जातो. त्यातलं सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब लावतं. साखर टाळल्याचं समाधान, त्रास मात्र होताच.

वेटरला ‘तिखट कमी’ एवढं सांगून भागत नाही. नेमकं विचारा: यात साखर किंवा मध आहे का? सॉस वेगळ्या वाटीत देता का? तळण्याऐवजी वाफवून मिळेल का? आणि मुख्य डिशऐवजी स्टार्टर मागवा, तोही इतरांच्या मुख्य जेवणाबरोबर आणायला सांगून. वाफवलेला मासा, मऊ अंडं किंवा बारीक केलेलं चिकन, सोबत थोडा भात. आधी प्रथिनं, मग भात. जागा आधी भरून गेली तर राहून जावा तो भात.

जठराचा काही भाग काढलेल्यांनी संत्र्याची पांढरी साल आणि शिरांसकट फोडी गिळू नयेत. आम्ल कमी आणि घुसळण मंद, त्यामुळे तंतूंचा गोळा जठरातच साचून राहतो.

एन्झाइमची कॅप्सूल चुकीच्या वेळी

स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या ऑपरेशनला विपल म्हणतात. ते झालेल्यांना पाचक रस कमी पडतो, म्हणून जेवणाबरोबर एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या द्रव्याची, कॅप्सूल घ्यावी लागते. त्यांचं बाहेरचं जेवण बहुतेक वेळा इथेच फसतं. घरी जेवण पंधरा मिनिटांचं, कॅप्सूल पहिल्या घासाला, काम फत्ते. बाहेर मात्र माणूस टेबलावर बसताच कॅप्सूल घेतो आणि जेवण चाळीस मिनिटांनी येतं. किंवा पहिल्या घासाला घेतो आणि जेवण दीड तास चालतं. दोन्हीकडे एन्झाइम एका वाटेने आणि अन्न दुसऱ्या वेळेला, गाठ पडतच नाही. चरबी न पचता पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी शौचाला फिकट, तेलकट, उग्र वासाचं, पाण्यावर तरंगणारं होतं.

पुढ्यात ताट आल्याशिवाय कॅप्सूल काढू नका. डोस विभागा: काही पहिल्या घासाबरोबर, उरलेल्या जेवणाच्या मध्यावर. दोन कोर्समध्ये मोठा खंड पडला तर दुसऱ्या कोर्सला वेगळा डोस लागतो. मोठ्या माणसांत मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं, अशी सुरुवात करतात. तळलेल्या, चरबीच्या जेवणाला किती वाढवायचं ते डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. कॅप्सूल चावायची नाही, चहा-कॉफीसारख्या गरम पेयाबरोबर घ्यायची नाही, आणि उन्हातल्या गाडीत तर अजिबात ठेवायची नाही. उष्णतेने एन्झाइम मरतं. मग डोस बरोबर असूनही उपयोग शून्य, आणि कारण शोधून सापडत नाही.

बॅग ‘घरी जाऊन रिकामी करू’ म्हणणं

निघताना रिकामी करा आणि बाहेर एक तृतीयांश भरली की उठा. अर्ध्याच्या पुढे गेली की वजनाने चिकटलेली कड सुटू लागते, आणि गळती नेमकी बसून उठताना होते. पोहोचल्यावर आधी टॉयलेट बघून ठेवा, खुर्ची कडेची घ्या. रिकामी करताना भांड्यात आधी टॉयलेट पेपरचे दोन-तीन तुकडे टाका. शिंतोडे उडत नाहीत आणि आवाजही होत नाही. बॅगेच्या खालच्या शेपटीचं तोंड आतून-बाहेरून पुसूनच बंद करा, वास येतो तो तिथूनच. सोबतच्या लहान पिशवीत मापात आधीच कापलेली एक बॅग, ओले टिश्यू, टाकायची पिशवी आणि एक अंतर्वस्त्र. कात्री घेऊन टॉयलेटमध्ये माप घेण्याची वेळ येऊ देऊ नका.

इलिओस्टॉमीत मका, मशरूम, सुकं खोबरं, दाणे, सुका मेवा आणि पॉपकॉर्न हे अडकणारे. सहा-आठ आठवड्यांनंतर एकेक करून, थोडं आणि खूप चावून खाऊन बघता येतात, पण पहिला प्रयोग घरी. बीट खाल्लं असेल तर लक्षात ठेवा, नाहीतर रात्री बॅग लाल बघून घाबराल.

तहान लागली की साधं पाणी ढोसणं हीही चूक. ज्यांची बॅग पातळ आणि खूप भरते, त्यांच्यात साधं पाणी आतड्यातून मीठ ओढून बाहेर पडतं आणि शरीर उलट कोरडं होतं. जेवणानंतर अर्ध्या तासाने ओआरएस घोट घोट घ्या.

गुदाशयाच्या ऑपरेशननंतर जेवलं की लगेच पळावं लागतं आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं, तो प्रकार वेगळा. डॉक्टरांनी लोपेरामाइड (जुलाब आवरणारं औषध) दिलं असेल तर जेवणाआधी अर्धा तास घेतात. ते आधी घरी दोनदा वापरून किती चालतं बघा. जेवणाच्या दिवशी प्रयोग नको. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तेव्हा घेऊ नका.

बुफे आणि पार्सल

जठरातलं आम्ल जंतूंचा पहिला पहारेकरी. जठर गेलं किंवा आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू असली की पहारा ढिला होतो. म्हणून कच्चे मासे, कच्च्या अंड्याचे सॉस आणि बुफेत कोमट होऊन पडलेलं अन्न टाळा. वाफा येत असतील तेच वाढून घ्या, तेही सुरुवातीला. उरलेलं पार्सल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

त्रास झाला की घड्याळ न बघणं

कधी झालं, यावरून काय झालं ते बरंच कळतं. जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम आणि मुरडा आला तर ते लवकरचं डम्पिंग. १५-३० मिनिटं आडवं व्हा, बहुधा उतरतं. अन्ननलिका काढलेल्यांनी मात्र सपाट झोपू नये, पाठ उंच ठेवून रेलावं. सपाट झालं की अन्न घशाशी येतं.

एक ते तीन तासांनी, बहुधा घरी परतताना, थरथर, घाम, गोंधळ आणि अचानक भूक लागली तर ती खाली गेलेली साखर. गोड एकदम आत गेलं, त्यापायी इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त आलं. ग्लुकोमीटर असेल तर तेव्हाच मोजा. लक्षणं, तेव्हाच कमी साखर, आणि साखर दिल्यावर आराम, ही तिहेरी खूण ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सर्जन ॲलन विपलच, वरच्या ऑपरेशनचा. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सावरल्यावर थोडं प्रथिनाचं खा. नुसतं आइस्क्रीम खाऊन भागवलंत तर दोन तासांनी तेच पुन्हा.

चार ते सहा तास बॅगेत काहीच नाही, वर पोट फुगलेलं, मुरडा आणि उलटी, तर आतडं अडल्याचा संशय धरून इस्पितळात जा. कधीकधी अडथळ्याच्या कडेने नुसतं पाणी येत राहतं, त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका.

कोणालाच न सांगणं, किंवा सगळ्यांना सगळं सांगणं

यजमानाला आधी एका वाक्यात सांगा: ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, मी थोडंसंच खाईन, वाईट वाटून घेऊ नका.’ टेबलावर आग्रह आला तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ पुरतं. शेजारी बसणाऱ्या एकाला मात्र सगळं माहीत असू द्या, म्हणजे तुम्ही मध्येच उठलात तर कोणी मागे हाक मारत येत नाही.

घरी आल्यावर फोनमध्ये पाच नोंदी: जेवण किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, पातळ काय आणि कधी घेतलं, गोळ्या कधी घेतल्या, त्रास किती वाजता. दोन-तीन जेवणांनंतर त्यातच गोम सापडते. ज्या पदार्थावर संशय आहे तो कायमचा बाद करण्याआधी आठवड्या-दोन आठवड्यांनी घरी, दुपारी, दोन चमचे खाऊन बघा.