लडाख करताना आधी क्षेत्रफळ ठरवा

सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांत राज्यसेवा किंवा यूपीएससीच्या भूगोलाला जे नव्याने बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुनर्रचना कायदा, ३१ ऑक्टोबर २०१९ ही तारीख, विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश, हे तुम्हाला पाठ असणारच, ते उगाळत नाही. लडाखमध्ये गुण जातात ते एका साध्या भागाकारात. मीही तिथेच ठेचकाळलो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. लोकसंख्येत घोळ नाही. २०११ च्या जनगणनेत लेह १,३३,४८७, कारगिल १,४०,८०२, मिळून २,७४,२८९. घोळ आहे तो खालच्या आकड्यात. लेहचं क्षेत्रफळ एका पुस्तकात ४५,११० चौ. किमी दिसेल, दुसऱ्यात ८२,६६५. पहिलं प्रत्यक्ष आपल्या प्रशासनाखालचं. दुसऱ्यात चीनच्या ताब्यातला ३७,५५५ चौ. किमी मुलूख मिळवलेला आहे. तिसरा लेह नकाशातला. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या नकाशात गिलगिट, चिलास हा भागही लेह जिल्ह्यातच दाखवला आहे. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण जनगणनेचा प्रगणक फक्त पहिल्या मुलखातच फिरला. म्हणून वर मोजलेली माणसं असतील, तर खाली मोजलेलीच जमीन हवी. लेहची लोकसंख्या ४५,११० ने भागली तर घनता ३ येते, ८२,६६५ ने भागली तर १.६. हे दुसरं उत्तर गणितात बरोबर दिसतं, म्हणूनच ते लवकर पकडता येत नाही.

वहीत दोन रकाने करा, ‘प्रशासनाखालचं’ आणि ‘नकाशातलं’. लडाखचा क्षेत्रफळाचा कुठलाही आकडा सापडला की तो कुठल्या रकान्यात जातो हे ठरल्याशिवाय लिहूच नका. तपासायची खूण सोपी आहे. लेह ४५,११० अधिक कारगिल १४,०३६ म्हणजे ५९,१४६. बेरीज जुळली तर तुम्ही पहिल्या रकान्यात आहात. मोबाइलवर फिरणाऱ्या तयार नोट्सवर माझा अजिबात विश्वास नाही. त्यांत एका ओळीत एक क्षेत्रफळ आणि पुढच्या ओळीत दुसऱ्याच क्षेत्रफळाची घनता असते. हे एकदा नीट बसलं की घाबरण्यासारखं काही उरत नाही. बाकी लडाख तर्काने उलगडत जातो.

तुलना घरचीच करा. सातारा जिल्हा १०,४८० चौ. किमी, घनता २८७. लेह साताऱ्याच्या चौपटीहून मोठा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ ला पाच लाखांवर लोक होते, अख्ख्या लडाखमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. पण लेहच्या ‘चौरस किलोमीटरला तीन माणसं’ याचा अर्थ घरं विखुरलेली आहेत असा काढू नका. बहुतेक मुलूख रिकामा आणि वस्ती सिंधू, श्योक, नुब्रा, सुरू, झंस्कार यांच्या खोऱ्यांत दाटलेली. लेहला वर्षाला साधारण १०० मिमी पाऊस, त्यावर पीक येत नाही. बर्फ वितळून येणारा ओढा जिथे खोऱ्यात उतरतो, तिथल्या गाळाच्या पंख्यावर गाव बसतं. पाणी पाटाने आणायचं, ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवायचं आणि बार्लीला पाळीने द्यायचं. ही पाळी गावाने नेमलेला ‘चुर्पोन’ सांभाळतो. आपल्याकडच्या पाटकऱ्याचंच काम, म्हणून हा मुद्दा माणच्या पोरांना एका वाचनात कळतो.

रांगा उत्तरेकडून दक्षिणेकडे अशा: काराकोरम, लडाख, झंस्कार, बृहद् हिमालय. आद्याक्षरांची घोकंपट्टी शिकवणारे सर मला पटत नाहीत, परीक्षेत नेमकी उतरण उलटी आठवते. कोऱ्या कागदावर चार रेघा काढा, मग लडाख आणि झंस्कार रांगांच्या मधून सिंधू. खिंडी त्या त्या रेघेवर मांडा: झोजी ला हिमालयावर, फोटू ला झंस्कारवर, खारदुंग ला लडाख रांगेवर. रोज एकदा, आठवडाभर. इथे एक सुंदर गोष्ट हाताला लागते. श्रीनगर-लेह रस्त्यावर फोटू ला सगळ्यात उंच, ४,१०८ मीटर. झोजी ला ३,५२८ मीटरच, तरी हिवाळ्यात वाट अडते ती झोजी लाला. पश्चिमेकडून येणारे वारे त्यांचा बर्फ तिथेच उतरवतात आणि फोटू ला आडोशाला पडते. महाबळेश्वरला धो धो आणि म्हसवडला कोरडं, तसंच हे. फक्त पावसाच्या जागी बर्फ.

प्रशासनात गुण सरळ आहेत, एक खड्डा सोडून. लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद १९९५ ची, कारगिलची २००३ ची. प्रत्येकीत ३० सदस्य, २६ निवडून आलेले, ४ नेमलेले. ‘स्वायत्त’ शब्द पाहून सहावी अनुसूची लिहू नका. ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामसाठी आहे. लडाखसाठी ती अजून मागणी आहे आणि या परिषदा साध्या कायद्याने आलेल्या आहेत. त्यांना जिल्हा परिषदही म्हणू नका. मुख्य कार्यकारी कौन्सिलर असले, तरी पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था उपराज्यपालांकडेच.

जिल्हे किती, याला तारखेशिवाय उत्तर देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने झंस्कार, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग हे पाच नवे जिल्हे जाहीर केले. कारण भूगोलातच आहे. झंस्कारमधल्या पदुमहून कारगिल दोनशे किलोमीटरच्या वर, वाटेत पेन्सी ला, आणि ती हिवाळ्यात बंद. एका दाखल्यासाठी माणसाने ती वाट तुडवायची का, हा प्रश्न उत्तरात आला पाहिजे. मात्र २०११ च्या जनगणनेत हे पाच जिल्हे नाहीत. चांगथांगची घनता कुणी दशांशासकट छापलेली दिसली, तर दोन्ही रकाने बाजूला ठेवा आणि तो आकडा वहीत घेऊच नका.