कौलून जेनेरिक रोमान्स कसं वाचायचं आणि कसं बघायचं

सगळ्यात आधी एक काम करा, म्हणजे खरं तर करू नका, या मांगातल्या, म्हणजे जपानी कॉमिकमधल्या, कुठल्याही पात्राचं नाव सर्चमध्ये टाकू नका. नाव अर्धं टाईप होतं न होतं तोच खाली सजेशन्स येतात आणि त्यातच गोष्ट फुटते. मला दुसरा व्हॉल्यूम हातात घ्यायच्या आधीच एका व्हिडिओच्या थंबनेलवरून एक मोठी गोष्ट कळली होती, त्याची हळहळ अजूनही जात नाही, कारण ती गोष्ट नायिकेला, रेइकोला, जशी हळूहळू कळते तशीच आपल्याला कळायला हवी. म्हणून इथे मी शेवटाबद्दल काही सांगणार नाही, फक्त कुठून सुरू करायचं, काय बघत जायचं आणि कुठे थांबायचं तेवढंच.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन मायुझुकी यांची ही मांगा, शुएइशाच्या वीकली यंग जंप मासिकात नोव्हेंबर २०१९ पासून येऊ लागली. गोष्ट घडते हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीत. रेइको कुजिराई, वय ३२, एका छोट्या रिअल इस्टेट ऑफिसात काम करते, आणि तिच्यासोबत काम करतो हाजिमे कुदो, वय ३४, बेफिकीर, चिडवणारा, जेवायला नेणारा. रेइकोला तो आवडायला लागतो. मग एके दिवशी तिच्या हाती एक फोटो लागतो, त्यात कुदो आहे आणि त्याच्या शेजारी जी बाई आहे ती हुबेहूब रेइकोसारखी दिसते. पण रेइकोने तो फोटो कधी काढलेलाच नाही. झालं, इथून मनात जी पाल चुकचुकायला लागते ती थांबत नाही.

इथे काय होतं की बरेच जण याला कोडं समजून वाचायला घेतात, ती कोण, ही कोण, कौलून काय आहे, आकाशात ते जेनेरिक टेरा नावाचं काय लटकतंय, आणि उत्तर शोधायच्या नादात भराभर पानं उलटत सुटतात. तसं वाचलं तर ही गोष्ट अर्धीच मिळते असं माझं ठाम मत आहे. यातला सस्पेन्स खुनाबिनाचा नाहीये, प्रेमाचाच आहे. हा माणूस माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला नक्की कोण दिसतं, हा प्रश्न ज्याच्या मनात कधी आलाय त्याला कळेल की यापेक्षा जीव टांगणीला लावणारं दुसरं काही नसतं. म्हणून कोड्याकडे एक डोळा ठेवा, पण बाकीचं सगळं लक्ष त्या दोघांकडे.

आता क्रम. माझा सल्ला, मांगा आधी, अ‍ॅनिमे (म्हणजे त्यावरची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) नंतर, सिनेमा शेवटी. अ‍ॅनिमे आर्वो अ‍ॅनिमेशनने बनवलं, योशिआकी इवासाकी डायरेक्टर, एप्रिल ते जून २०२५ मध्ये एकूण १३ एपिसोड आले, आणि ते संपलं तेव्हा मांगा चालूच होती. म्हणजे साहजिकच १३ एपिसोडमध्ये खूप काही कोंबावं लागलं आणि शेवटही त्यांना आपला आपण गाठावा लागला. वाईट आहे असं नाही, मला त्याचे बरेच भाग मनापासून आवडलेत, पण मांगात जिथे चार पानं कोणी काहीच बोलत नाही, तिथे अ‍ॅनिमेला थांबायला वेळच नाहीये. आणि ती चार पानंच तर खरी गोष्ट आहे. तरी एक सवलत आहे, तुम्ही कधीच मांगा वाचली नसेल आणि उजवीकडून डावीकडे वाचायची सवय नसेल, तर अ‍ॅनिमेचा फक्त पहिला एपिसोड बघा, माणसं ओळखीची होतील, आवाज कानात बसतील, मग बंद करा आणि मांगाचा पहिला व्हॉल्यूम पहिल्या पानापासून घ्या. दुसरा एपिसोड लगेच लावायचा मोह होईल, तो आवरा.

मांगा इंग्रजीत येन प्रेसने काढलीय, अ‍ॅनिमे क्रंचीरोल या स्ट्रीमिंग साइटवर आलं. कुठल्यातरी स्कॅन साइटवर वाचू नका, एक तर ते चोरीचं, आणि दुसरं म्हणजे या मांगात छोट्या छोट्या पाट्या, बोर्ड, कपाळावरचा घाम, ग्लासातला बर्फ असं सगळं बारीक काढलेलं आहे, ते तिथल्या धुरकट पानांवर दिसतच नाही.

वाचायला बसायच्या आधी अर्धा तास खऱ्या कौलून वॉल्ड सिटीसाठी द्या. हे मी मुद्दाम सांगतोय कारण जपानी वाचकाला जागेचं नाव वाचल्या वाचल्या जे आठवतं ते आपल्याला आठवत नाही. ती मुळात चिनी सरकारची चौकी होती, १८४७ मध्ये तिथे तटबंदी बांधली. १८९८ मध्ये ब्रिटिशांनी आजूबाजूचा भाग ९९ वर्षांच्या कराराने घेतला तेव्हा हा एवढासा तुकडा करारातून वगळला गेला, म्हणजे चारी बाजूंनी ब्रिटिश हाँगकाँग आणि मध्ये ही एक जागा जिथे कोणाचं नक्की राज्य हेच धड ठरलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने तटाच्या भिंती पाडल्या आणि तो दगड काई ताक विमानतळ वाढवायला वापरला. युद्धानंतर लोक येत गेले, घरावर घर चढत गेलं. १९८७ च्या पाहणीत सुमारे ३३,००० माणसं राहत होती, आणि जागा किती, तर साधारण २.६ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेसहा एकर! इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की खालच्या गल्ल्यांत दिवसासुद्धा उजेड नाही, वरून पाइप गळतायत, आणि उंची १४ मजल्यांच्या आसपास थांबलेली कारण डोक्यावरून विमानं काई ताकला उतरायची. लायसन्स नसलेले दाताचे डॉक्टर, फिश बॉल बनवणारे कारखाने, गच्चीवर अँटेनांच्या जंगलात खेळणारी मुलं. बाहेरच्यांसाठी ही अंधारनगरी, आत राहणाऱ्यांसाठी घर.

आणि मग ती पाडली. १९८७ च्या जानेवारीत जाहीर झालं, पुढची काही वर्षं लोकांना हलवत राहिले, मार्च १९९३ ते एप्रिल १९९४ मध्ये सगळं जमीनदोस्त, आणि डिसेंबर १९९५ मध्ये तिथे बाग उघडली. आज तिथे गेलात तर झाडं, तळं आणि जुन्या चिनी कचेरीची एक इमारत दिसते, बस्स. म्हणजे ही प्रेमकथा जिथे घडते ती जागा आपल्या जगात नाहीच. हे डोक्यात ठेवून पहिलं पान उघडा, बघा कसं वाटतं. आणखी एक, जपानमध्ये कावासाकीला कौलूनसारखं सजवलेलं एक गेम आर्केड होतं, गंजलेल्या भिंती, बोर्ड, अंधार सगळं हुबेहूब, आणि ते बंद पडलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे ही मांगा सुरू झाली त्याच महिन्यात. योगायोगच, पण नक्कल केलेली जागासुद्धा गेली की तिचीही आठवण येते, आणि मांगाचा सगळा जीव याच भावनेत आहे.

आता वाचताना. एका बैठकीत एकच व्हॉल्यूम, जास्त नाही. आणि जवळ एक कागद ठेवा. त्यावर थिअरी लिहू नका, फक्त एवढंच लिहा की कोण "पूर्वी" हा शब्द कशाबद्दल वापरतंय. कुदो म्हणतो पूर्वी इथे असं होतं, दुकानदार म्हणतो तुम्ही पूर्वी यायचात, रेइको स्वतःबद्दल पूर्वीचं काय सांगते. बस, एवढी एकच यादी. तीन व्हॉल्यूम झाले की ती यादी परत वाचा, अंगावर काटा येईल, आणि कोणी सांगायची गरज पडणार नाही. दुसरी गोष्ट, रेइकोचा चष्मा. तो कधी घातलाय, कधी काढलाय, ती त्याबद्दल काय म्हणते. मायुझुकी काहीच उगाच काढत नाहीत. तिसरी म्हणजे सवयी, बाल्कनीत कलिंगड खात सिगारेट ओढायची सवय पहिल्याच चॅप्टरमध्ये येते, ती नुसती स्टाईल म्हणून सोडून देऊ नका, माणसाची सवय म्हणजे माणूसच असतो का हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चित्रांबद्दल एक सांगतो, डोळे, ओठ, केस सगळं १९८० च्या दशकातल्या मांगासारखं वाटतं आणि ते मुद्दाम आहे, पान उघडलं की आधीच जुनं काहीतरी सापडल्यासारखं होतं. पॅनेलमध्ये शब्द नसतील तर तिथे जास्त थांबा, कमी नाही. मायुझुकींची आधीची पावसाच्या नावाची मांगा, आफ्टर द रेन, ती १७ वर्षांची मुलगी आणि रेस्टॉरंटचा ४५ वर्षांचा मॅनेजर, ज्यांनी वाचलीय त्यांना माहितीच आहे की या बाईंना न बोललेलं प्रेम किती जमतं. इथे त्याच्यावर भीतीचा एक थर चढलाय.

सुरुवातीलाच कुदो रेइकोला एक गोष्ट सांगतो, की जुन्याची आठवण येऊन जे वाटतं ते आणि प्रेम या दोन्ही गोष्टी त्याच्या मते एकच. जपानीत त्यासाठी नात्सुकाशी हा शब्द आहे आणि इंग्रजी भाषांतरात तो नॉस्टॅल्जिया होऊन जरा कोरडा पडतो. पण आपल्याकडे शब्द आहे ना, हुरहूर. बघा, गेलेल्या दिवसांचीही हुरहूर लागते आणि आवडत्या माणसाचीही हुरहूरच लागते, शब्द एकच. म्हणून इंग्रजीत वाचताना जिथे जिथे तो शब्द येईल तिथे मनात हुरहूर म्हणा, कुदोचं वागणं एकदम उलगडतं, तो रेइकोशी इतका चांगला का वागतो आणि मधेच इतका लांब का जातो ते कळतं, आणि त्याचा रागही येतो, मला तर खूप आला, कारण रेइकोसाठी कौलून ही आठवण नाहीये, ती तिथे आत्ता जगतेय.

बाकीच्या माणसांना साइड कॅरेक्टर म्हणून उडवून लावू नका. याओमेई ही रेइकोची मैत्रीण, ती स्वतःच्या चेहऱ्याची गोष्ट सांगते तेव्हा पान पटकन उलटू नका, कारण तिचा प्रश्न आणि रेइकोचा प्रश्न एकमेकांसमोर आरशासारखे उभे आहेत. रेइको पुढे ज्याला "अबसोल्यूट मी" असं काहीसं म्हणते, म्हणजे कोणाचीही कॉपी नसलेली मी, ते समजायला याओमेईच मदत करते. गोल्डफिश टीहाऊसमधला ग्वेन आणि औषध कंपनीवाला हेबिनुमा यांच्या वेळी मात्र जरा डोकं शांत ठेवा, हेबिनुमाची माहिती एकदम भरपूर येते, सगळं पहिल्या फटक्यात कळलं नाही तरी चालेल, पुढे परत येतं. औषध कंपनी आणि नावातला "जेनेरिक" शब्द मात्र शेजारी शेजारी ठेवून बघा. मूळ औषध आणि जेनेरिक औषध, गुण तोच पण नाव दुसरं. मग माणसाचं काय?

मांगा हातातली संपली, किंवा निदान सात-आठ व्हॉल्यूम झाले, की अ‍ॅनिमेकडे या. जपानी ऑडिओ, खाली सबटायटल्स, यात तडजोड करू नका. रेइकोचा आवाज हारुका शिराइशी, कुदोचा तोमोकाझु सुगिता, आणि सुगिताने कुदोच्या थट्टेत जो एक जडपणा ठेवलाय तो कागदावर ऐकू येत नव्हता. दिवसाला दोन एपिसोड पुरे. ओपनिंग गाण्याचं नाव समरटाईम घोस्ट, ते स्किप करू नका, आणि सगळं संपल्यावर एकदा परत लावा. एक अडचण येईल, मधल्या एपिसोड्समध्ये वेग वाढतो आणि मांगा वाचलेल्याला चुटपुट लागते की अरे हा सीन गेला, तो गेला. तेव्हा थांबून तुलना करत बसू नका, एपिसोड पूर्ण बघा आणि मग रात्री तो चॅप्टर काढून वाचा, मी तसंच केलं आणि दोन्ही जास्त आवडलं. शेवटचा एपिसोड हा अ‍ॅनिमेवाल्यांचं उत्तर आहे असं समजून बघा, म्हणजे भांडण होत नाही.

मोठ्यांसाठीची मांगा आहे हेही सांगून ठेवतो, उघडं अंग, शरीरसंबंध, मृत्यूबद्दलचं जड बोलणं हे सगळं येतं, लहान भावंडांसमोर लावू नका. आणि नुकतंच जवळचं कोणी गेलं असेल तर थोडे दिवस जाऊ द्या, ही गोष्ट बरोबर तिथेच बोट ठेवते.

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्ये खऱ्या माणसांचा सिनेमाही आला, रिहो योशिओका आणि कोशी मिझुकामी आहेत. तो अगदी शेवटी, आणि तोही गोष्ट कळावी म्हणून नाही, फक्त त्या गल्ल्यांतून खरी माणसं चालताना बघायची म्हणून.

हे सगळं झालं की पहिल्या व्हॉल्यूमकडे परत या, लगेच नको, महिनाभराने. तोच पहिला चॅप्टर, तेच ऑफिस, तेच कलिंगड. पहिल्यांदा वाचताना आपण सगळा वेळ रेइकोच्या चेहऱ्याकडे बघत असतो. यावेळी तिच्याकडे बघूच नका, प्रत्येक पॅनेलमध्ये फक्त कुदो तिच्याकडे कधी बघतोय आणि कधी नजर वळवतोय तेवढंच बघत जा.