टर्बो बसला, पण पेट्रोल पुरतंय का? या चुका टाळा

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसवलेली बाईक गल्लीत झकास चालते. आयडल स्थिर, तिसऱ्या गिअरला पिकअप जोरदार, बूस्ट मीटरचा काटा हलला की मित्रमंडळी खूश. पेट्रोलची परीक्षा होते ती फुल थ्रॉटलला, वरच्या आरपीएमच्या दोन-तीन सेकंदांत. तिथे कमी पडलं तर पिस्टन आधी कळवत वगैरे नाही. म्हणून माझा एक हट्ट असतो: बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जिथे सर्वांत जास्त असणार, तिथलं पेट्रोल आधी मोजून दाखवा, मग मूठ पिळा. पुढच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात, उरलेल्या दुसऱ्यांच्या निस्तरल्यात.

(मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि विम्याची कागदपत्रं आधी वाचा. मी इथे ट्रॅकच्या गाडीबद्दल बोलतोय.)

रेग्युलेटरला बूस्टचा पत्ताच नाही

हल्लीच्या बहुतेक इंजेक्शन बाईकमध्ये प्रेशर रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या मॉड्यूलमध्ये असतो. तो पेट्रोल साधारण ३ बारवर धरून ठेवतो, पण हे ३ बार बाहेरच्या हवेच्या तुलनेत. साध्या इंजिनचं त्यात भागतं. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा जाते त्या नळीत) ०.७ बार बूस्ट आला की इंजेक्टरच्या तोंडावर तेवढाच उलटा दाब बसतो आणि पेट्रोल ढकलायला उरतात २.३ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात सुमारे १२ टक्के पेट्रोल कमी येतं. आणि हे नेमकं हवा दीडपटीच्या पुढे गेलेली असताना.

आता हिशेब करू. ७५०० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनचं एक आवर्तन १६ मिलिसेकंदांत उरकतं. समजा, टर्बोआधी फुल थ्रॉटलला इंजेक्टर १० मिलिसेकंद उघडत होता. हवा झाली १.७ पट. मिश्रण (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) १३ वरून ११.८ वर आणायचंय. वर ती १२ टक्क्यांची तूट. गुणाकार केला की २१ मिलिसेकंद येतात. १६ च्या आवर्तनात २१ कुठून आणणार? लॅपटॉपवर आकडा टाकता येतो, मॅप (कुठे किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) सेव्हही होतो. इंजेक्टर मात्र अखंड उघडा राहतो आणि मिश्रण तरीही लीनच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमीच.

यावर दोन गोष्टी लागतात, एकीने भागत नाही. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा दाब वाढवणारा, रिटर्न लाइनचा (जादा पेट्रोल टाकीत परत सोडणारा) बाहेरचा रेग्युलेटर हवा आणि मोठे इंजेक्टर हवेत. ८० बीएचपी काढणाऱ्या ट्विनला (दोन सिलिंडरच्या इंजिनला) ८० टक्के ड्यूटी (आवर्तनातला इंजेक्टर उघडा राहण्याचा वाटा) धरून प्रत्येकी मिनिटाला ३१५ सीसीच्या आसपासचे इंजेक्टर लागतात. त्याहून फार मोठे घेतले तर आयडलला गाडी धुसफुसते, कारण अगदी छोट्या पल्सला इंजेक्टरचं उघडणं-मिटणं भरवशाचं राहत नाही.

रेग्युलेटरची नळी थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूला जोडा. प्लेनमला (थ्रॉटलच्या आधीच्या हवेच्या डब्याला) जोडलेली मी कितीदा पाहिलीय! थ्रॉटल अर्धवट असताना प्लेनममध्ये एक दाब, इंजेक्टरपाशी दुसरा, आणि मग ट्यूनर महिनाभर मॅपशी कुस्ती खेळतो. त्याच नळीवर टी मारून बूस्ट मीटर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असं सगळं लटकवू नका. नळीला क्लिप लावा. बूस्टमध्ये ती उडाली की त्या क्षणी गाडी लीन झाली समजा.

पंप डब्यावरच्या आकड्याने घेणं

डब्यावर छापलेला प्रवाह कुठल्या दाबाचा आहे ते बघा. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, आणि आपल्याला हवाय तो ३.७ बारचा. पंप टाकीत बसवा, रेग्युलेटर ३.७ वर लावा आणि रिटर्नचं पेट्रोल मापाच्या भांड्यात ३० सेकंद घ्या. ८० बीएचपीला किमान २५० मिली लागतं. मी ३५० च्या खाली गाडी पुढे जाऊ देत नाही. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवूनच करा. बिडी-सिगारेटवाल्या मित्रांना तेवढा वेळ चहाला पाठवा.

भांडं कमी भरलं तर लगेच नवा पंप आणायला धावू नका. मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरला लावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि कनेक्टरवर १२.४ अशी गाडी माझ्याकडे आली होती. मूळची बारीक वायर मोठ्या पंपाचा करंट सोसत नव्हती. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले टाकून जाड वायर ओढली आणि जुन्याच पंपाने माप पूर्ण केलं.

एकाच सेन्सरवर डोळे मिटून विश्वास

ही माझी चूक, आणि महागातली. ६५० ची पॅरलल ट्विन, दोन्ही सायलेन्सर पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाचा आकडा सांगणारा). फुल बूस्टला गेज १२.१ दाखवत होतं. मी निवांत. चौथ्या रनला गाडीचा आवाज किंचित कोरडा झाला, मग ब्रीदरमधून धूर. हेड उतरवलं, सिलिंडर वर ओढला, तर डावा पिस्टन वरच्या रिंगपाशी तुटलेला आणि त्या बाजूच्या प्लगच्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे चकाकते कण, मिरपूड भुरभुरावी तसे. उजवा प्लग मात्र काळपट.

डाव्या इंजेक्टरमध्ये पेट्रोल शिरतं तिथली इवलीशी जाळी जुन्या टाकीच्या गंजाने अर्धी बुजली होती. डावा सिलिंडर १३ च्या वर, उजवा ११ च्या आसपास, आणि गेज बिचारं दोघांची सरासरी सांगत होतं. तेव्हापासून इंजेक्टर बसवण्याआधी बेंचवर जोडीने तपासून घेतो, प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट पाइपला सेन्सर बसवायचं वेगळं आटेदार तोंड वेल्ड करून घेतो (एरवी बूच लावून बंद), आणि फुल थ्रॉटलच्या पहिल्या दोन-तीन रननंतर दोन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवतो. कायमचा सेन्सर टर्बोच्या पुढे, टेलपाइपच्या बाजूला. टर्बोआधीच्या उष्णतेत आणि दाबात तो खोटं बोलतो आणि लवकर मरतो.

कंपनीच्या नॅरोबँड सेन्सरने ट्यूनिंग होत नाही. १४.७ (पेट्रोल नेमकं पूर्ण जळतं ते प्रमाण) च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं.

गेज लीन म्हणतंय म्हणून पेट्रोल ओतत जाणं

बूस्ट चढला, गाडी तडतड मिस मारतेय आणि गेज १५-१६ दाखवतंय. पहिला हात जातो पेट्रोल वाढवायला. थांबा. ठिणगी विझली की न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर त्यालाच लीन म्हणतो. बूस्टमध्ये दाबलेली हवा ठिणगीला उडी मारू देत नाही. आधी प्लगचा गॅप ०.६ मिमीपर्यंत आणा, कॉइल तपासा. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असेल तरी गेज असंच फसवतं.

खरोखर लीन असलेली गाडी बहुतेकदा तडतडत नाही. ती गुळगुळीत ओढते, कधी कधी नेहमीपेक्षा जास्त, आणि मग मिश्रण अवेळी पेटल्याची टणटण ऐकू येते. हेल्मेटमध्ये ती टणटण बऱ्याचदा ऐकूही येत नाही.

रेझिस्टरचा जुगाड

हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ‘थंडी आहे’ असं भासवायचं, म्हणजे पेट्रोल वाढतं. वाढतं, पण थोडंसंच आणि सगळीकडे सारखं, शिवाय काही ईसीयू थंड हवा समजून ठिणगीचं टायमिंगही पुढे घेतात. बूस्टमध्ये नको असलेली नेमकी हीच गोष्ट. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप (MAP) सेन्सरचंही तसंच. मूळचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, पुढे आकडा गोठतो. दोन-तीन बारचा सेन्सर आणि तो समजणारा ईसीयू याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

कार्बोरेटरवाल्यांसाठी

१९७८ च्या कावासाकी झेड१आर-टीसीमध्ये टर्बो कार्बोरेटरमधून मिश्रण ओढत असे. १९८२ च्या यामाहा एक्सजे६५० टर्बोत कार्बोरेटर टर्बोच्या पुढे, म्हणजे दाबाखाली. त्याच वर्षी होंडाने सीएक्स५०० टर्बोला कार्बोरेटर सोडून सरळ फ्युएल इंजेक्शन प्रणालीच दिली, ते उगाच नाही. दाबाखालच्या कार्बोरेटरला टाकीतून आपोआप उतरणारं पेट्रोल पुरत नाही: ४० सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब जेमतेम ०.०३ बार, समोर बूस्ट ०.४. बूस्टपेक्षा थोडा जास्त दाब राखणारा पंप आणि रेग्युलेटर लागतो. फ्लोट बाऊलची व्हेंट नळी प्लेनमला जोडायची. ती बाहेर उघडी राहिली तर जेटमधून पेट्रोल चढतच नाही, बूस्ट येताच गाडी बसते आणि लोक मोठे जेट शोधत फिरतात.

पेट्रोल पंप बदलला, पेट्रोल बदललं

ई१० (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) बेतलेला मॅप ई२० (२० टक्के इथेनॉल) वर तीन-चार टक्के लीन जातो. क्रूझिंगला ईसीयू सेन्सर बघून सावरून घेतो, फुल बूस्टला तो सेन्सरकडे बघतही नाही. ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर झालं त्याचीच नोंद मॅपच्या फाइलच्या नावात ठेवा आणि लक्ष्य लॅम्बडात (पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे त्या आकड्यात) लिहा. ०.८० म्हणजे गेजवरचं ११.८, पेट्रोल कुठलंही असो.

या सगळ्याच्या भीतीने खूप रिच (पेट्रोल जास्त) ठेवणारेही आहेत. त्यांनी डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा न भरताच लेव्हल वर सरकली असेल, तर ते ऑइल आजच काढा. टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतंय.